पट्टीवरची पहिली जागा

तानसा,
५ जानेवारी २०२६

ती. दादास,


तू पाठवलेलं पार्सल मिळालं. पोस्टमन आला तेव्हा अण्णा ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. मी कात्री आणायला आत गेले, तेवढ्यात त्यांनी चिकटपट्टी दातांनी तोडलीसुद्धा. डबीतला पूर्वी स्टार, १९७१ च्या लढाईचं ते पदक, काढून तळहातावर घेतला, उलटा केला, कडा अंगठ्याने चाचपल्या, चष्मा कपाळावर सरकवून अगदी डोळ्यांजवळ नेला. "नंबर नाय," म्हणाले. डबी बंद केली आणि पुन्हा शेंगा हातात घेतल्या. थोड्या वेळाने म्हणाले, "पोराच्या फॅन्सी ड्रेसला ठेव. सव्वीस जानेवारीला व्हईल."

तू रागावू नकोस. तू मनापासून पाठवलंस हे त्यांना कळतं. फोनवर तू म्हणालास, तेच डिझाइन, तीच रिबन, मग फरक काय? मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आणि फोनवर आपलं बोलणं पाच मिनिटांत आईच्या गुडघ्यांवर येतं. म्हणून हे पत्र.

फरक नंबराचाच आहे. त्यांच्या संग्राम मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं आहे. लहानपणी आपण ती कड मेणबत्तीच्या ओल्या मेणावर फिरवून नाव उलटं उठवायचो आणि मार खायचो, आठवतं? साताऱ्याकडचे त्यांचे ते दोस्त, जे माझ्या लग्नात फेटा बांधून आले होते, त्यांच्या पूर्वी स्टारवर असाच त्यांचा नंबर आहे. दोघांचे ट्रक एकाच ताफ्यात, पुढेमागे. एकाच्या नावाचा तारा निघाला, दुसऱ्याच्या नावाचा नाही.

परवा डिस्चार्ज बुक पुन्हा नीट वाचलं. पदकांच्या रकान्यात संग्राम मेडल आहे, सैन्य सेवा मेडल आहे, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं आहे, नऊ वर्षांच्या नोकरीचं आहे. यात गंमत बघ. संग्राम मेडल १९७१ च्या लढाईच्या काळातल्या नोकरीसाठी मिळालं. पूर्वी आणि पश्चिमी स्टार मात्र त्या त्या रणक्षेत्रात असलेल्यांना. म्हणजे अण्णा तेव्हा फौजेत होते हे कागदाला मान्य आहे, कुठे होते ते मान्य नाही. अण्णांचं म्हणणं सरळ आहे: "मी नव्हतो, तं तो ट्रक काय आपला आपण गेला?"

गेला होता तो मेघालयातल्या तुऱ्याहून खाली, आजच्या बांगलादेशातल्या कमालपूर, बक्षीगंज आणि पुढे जमालपूरच्या रस्त्याला. शक्तिमान ट्रक, मागे दारूगोळ्याच्या पेट्या, आणि रात्री दिवे बंद. पुढच्या ट्रकच्या मागच्या बाजूला चुन्याने रंगवलेला पट्टा दिसेल तेवढाच रस्ता. त्या बाजूला गाड्या कमी आणि वाटा वाईट, म्हणून बैलगाड्याही जुंपल्या होत्या. अण्णा सांगतात, ब्रह्मपुत्रेच्या काठी अंधारात कुणीतरी "आरं, हळू की!" असं ओरडलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. तिथे १ मराठा होती, जंगी पलटण. नदी ओलांडून ती जमालपूरच्या दक्षिणेला जाऊन बसली आणि १० डिसेंबरच्या रात्री शहरातून फुटून निघालेली पाकिस्तानी फौज तिच्यावरच येऊन आदळली. त्या पलटणीच्या मानचिन्हांत आज 'जमालपूर' आहे. पुढे टांगाइलजवळ पुंगलीच्या पुलावर छत्रीने उतरलेली २ पॅरा त्यांना भेटली. ती मुळातली ३ मराठा. परमुलखात दोन भाऊ भेटावेत तसं.

जमालपूरचा पत्रांचा किस्सा तुला अण्णांनी सांगितला असेलच. आपल्या बाजूच्या ब्रिगेडियर क्लेर यांनी ९ डिसेंबरला शरण येण्याविषयी चिठ्ठी लिहिली आणि एका म्हाताऱ्या गावकऱ्याच्या हाती आत पाठवली. आतल्या लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमदने उलट पत्र दिलं आणि त्यात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. तुझं पार्सल फोडताना अण्णांना तीच गोष्ट आठवली म्हणे. हसत होते, पण मला ते हसणं फारसं आवडलं नाही.

आता चूक कुठे झाली ते. फौजेत जवानाच्या आयुष्यातली प्रत्येक घडामोड युनिटचा क्लार्क पार्ट टू ऑर्डरमध्ये छापतो. रजा, बदली, शिक्षा, लग्न, मूल. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथे जवानाच्या शीट रोलवर चढते. तुझा जन्म पार्ट टू ऑर्डरने चढलेला आहे, माझाही. आईचं नाव दोनदा आहे, एकदा चुकीचं आणि एकदा दुरुस्त करून. अण्णांचा जन्म १ जूनचा आहे, म्हणजे मास्तरांनी शाळेत घालताना लावलेला. तोही बिनबोभाट चढला. नाही चढली ती फक्त डिसेंबरातली अटॅचमेंट. त्यांचं मूळ युनिट मागे, आणि अण्णांसकट थोडे ड्रायव्हर तात्पुरते दुसऱ्या युनिटकडे दिलेले. या युनिटच्या क्लार्कला वाटलं तो छापेल, त्याला वाटलं हा. साताऱ्याचे काका आधीपासून त्याच युनिटचे, म्हणून त्यांचं नाव यादीत आपोआप आलं.

मी त्या क्लार्कला शिव्या देऊ शकत नाही, दादा. पंचवीस वर्षं मी हजेरीपट भरते आहे. दिवाळीनंतर कातकऱ्यांची मुलं आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात, कधी परत येतात, कधी दुसऱ्याच शाळेत बसतात. एकदा एक मुलगी आठवडाभर माझ्यासमोर बसून पाढे म्हणत होती आणि माझ्या पटावर ती गैरहजर होती. बदल करायचा तर खाडाखोडीशेजारी सही लागते, म्हणून मी आळस केला. वर्षाखेरीस उपस्थितीच्या भत्त्यातून तिचे तेवढे दिवस गेले. तिने कुठे अर्ज करायचा होता?

अण्णांनी पहिला अर्ज केला तेव्हा मी नववीत होते. मग तू अमेरिकेला गेलास, घर बांधलं, बहिणींची लग्नं, विषय मागे पडला. आता पुन्हा उचलला आहे. ठाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज दिला. तिथल्या बाईंनी खुर्ची देऊन सगळं ऐकून घेतलं आणि पत्र पुढे पाठवलं. रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर चार ओळींचं आलं: अटॅचमेंटची पार्ट टू ऑर्डर उपलब्ध नाही, युनिटचे त्या काळातले कागद मुदत संपल्याने नष्ट केले आहेत, पुरावा असल्यास सादर करावा. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून शीट रोलची प्रत मागवली. ती आली. नोव्हेंबर १९७१ मध्ये एक ओळ, आणि पुढची ओळ थेट फेब्रुवारीची. मधे काही नाही. मी ती झेरॉक्स उन्हात धरून पाहिली, जणू पुसलेलं काही दिसेल.

मग काळी ट्रंक उपसली. आजीच्या लुगड्याच्या घडीत एक पत्र सापडलं. डिसेंबरातलं, अण्णांच्या हातचं. मी किंचाळलेच. पण वाचलं आणि बसले. "इकडे थंडी आहे. भाताची कापणी अजून चालू आहे, आपली झाली असेल. बैल सांभाळा. मी खुशाल आहे." गावाचं नाव नाही, नदीचं नाव नाही. पत्त्याच्या जागी फक्त ९९ एपीओ, आणि वर फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबराचा शिक्का. फौजी टपालाची रीतच ती: पत्र शत्रूच्या हाती पडलं तरी पलटण कुठे आहे ते कळता कामा नये. सरकारने इतकी चोख तजवीज केली की पन्नास वर्षांनी सरकारलाही कळेना! तरी एक धागा आहे. ५६ एपीओ म्हणजे दिल्लीकडून जाणारं टपाल आणि ९९ एपीओ म्हणजे कोलकात्याकडून, पूर्वेकडचं. शिवाय डिसेंबरात कापणी. आपल्याकडे तोवर खळीसुद्धा आटोपलेली असतात. रेकॉर्ड ऑफिसातल्या साहेबाला भातशेती समजते की नाही कोण जाणे, मी अर्जात दोन्ही लिहिलं आहे. साताऱ्याच्या काकांचं शपथपत्र जोडलं आहे. त्यांनी नोटरीसमोर सही करताना विचारलं म्हणे, "पैसे किती मिळणार?" एक पैसाही नाही म्हटल्यावर नोटरीने पुन्हा एकदा कागद वाचला.

शाळेसाठी वाचताना एक गोष्ट हाती लागली. आपलं धरण १८९२ चं. मुंबईला पाणी न्यायला इंग्रजांनी इथे दगडाची भिंत घातली. त्याच सुमारास त्यांनी महारांची फौजेतली भरती बंद केली. कोण लढवय्या आणि कोण नाही हे जातीवरून ठरवलं, आणि पिढ्यान्पिढ्यांची नोकरी एका धोरणात पुसली गेली. गोपाळबाबा वलंगकर, महाडजवळच्या रावदळचे, स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ साली लष्करी अधिकाऱ्यांना उद्देशून विनंतीपत्र लिहिलं. महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ साली. वलंगकर तोवर कधीच गेले होते. त्यांच्या दुःखाशी अण्णांच्या तक्रारीची बरोबरी मी करत नाही. तिथे एका अख्ख्या समाजाला दार बंद झालं होतं, इथे एका ड्रायव्हरची एक ओळ राहिली आहे. पण निवृत्त शिपाई कागद पुढे ओढून "आम्ही होतो" असं लिहायला बसतो, ते बसणं मला ओळखीचं वाटलं.

आणि मुरलीकांत पेटकर तुला माहीत आहेतच, त्यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' सिनेमा तू तिकडे थिएटरात पाहिलास. इस्लामपूरकडचा माणूस, ईएमईचा जवान, १९६५ ला सियालकोट आघाडीवर गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेला. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विक्रम करून सुवर्णपदक आणलं. त्यांचं तर सगळं घड्याळावर नोंदलेलं होतं! तरी १९८२ साली अर्जुन पुरस्कारासाठी केलेला अर्ज नाकारला गेला. पद्मश्री २०१८ ला, अर्जुन गेल्या वर्षी जानेवारीत. राष्ट्रपतींसमोर ते गेले तेव्हा अण्णा टीव्हीपुढे उभे राहिले. आई म्हणाली, बसा की. बसले नाहीत.

तुमच्या अमेरिकेत अशा दुरुस्तीसाठी मंडळंच आहेत, १९४६ च्या कायद्याने नेमलेली. तू सांगितलेल्या त्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या डीडी २१४ ची, म्हणजे डिस्चार्जच्या कागदाची, भानगड तिथेच गेली असणार. तुमच्याकडे १९७३ मध्ये सेंट लुइसच्या अभिलेखागाराला आग लागून दीड कोटीहून अधिक जवानांच्या फायली जळाल्या, म्हणून तिथे पगाराच्या पावत्या, दवाखान्याची नोंद, असले आडवाटेचे कागदही पुरावा म्हणून पाहतात. आपल्याकडे शेवटचा रस्ता सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा, मुंबईत खंडपीठ आहे. अण्णांना तिथे जायचं नाही. "फौजेवर केस नाय करायची," एवढंच म्हणतात. हे मला पटत नाही, पण त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

शुक्रवारी, २ तारखेला, सिद्धगडाला गेलो होतो. दरवर्षीसारखे पहाटेच निघालो. क्रांतिकारक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील १९४३ ला तिथे पडले त्या वेळी, उजाडता उजाडता, मानवंदना होते. अण्णांनी कोट घातला होता. तुझ्या लक्षात कधी आलंय का माहीत नाही, माझ्या आलं नव्हतं: त्यांच्या छातीवरची पदकांची पट्टी पदकांपेक्षा लांब आहे. बघणाऱ्याच्या डाव्या हाताकडची पहिली जागा मोकळी. मला वाटायचं शिंप्याने माप चुकवलं. परवा गाडीत विचारलं तर म्हणाले, क्रमाने तारा आधी येतो, संग्राम नंतर. म्हणून पट्टी शिवतानाच जागा सोडून घेतली. कधी शिवली? तर म्हणाले, शहापुरात, तुझा दादा दहावीला होता तेव्हा. तू पाठवलेला तारा त्या जागी बरोब्बर बसेल. मी लावून पाहिला नाही.

आता काम. तू जाताना अल्बममधला एक फोटो घेऊन गेलास, अण्णा ट्रकच्या बॉनेटला टेकून उभे, मागे पाणी आणि होडी. अण्णा म्हणतात, तो लढाई संपल्यावर आठवड्याभरात काढलेला, ट्रकच्या नंबराचे शेवटचे आकडे दिसतात आणि मागे एका बंगाली फोटोवाल्याचा शिक्का आहे. आई म्हणते मागे काहीच नाही. फ्रेममधून बाहेर काढ आणि दोन्ही बाजू स्कॅन करून पाठव. काढताना कोपरे सांभाळ, आईने ते भाताच्या खळीने चिकटवले होते. ओल्या फडक्याने भिजवलेस तर सुटतील, ओढू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी बहीण