कार्डात न लिहिलेलं

आमच्या साखऱ्यात टेनिस बॉलच्या मॅचेस व्हायच्या, तेव्हा मी कायमचा स्कोअरर. बॅटिंग जमायची नाही, अक्षर तेवढं बरं, म्हणून! त्यामुळे स्कोअरकार्डात असतं तेच खरं, असं डोक्यात पक्कं बसलेलं.

मग एक जुनं कार्ड वाचलं. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना. काठियावाड सर्वबाद २३८. महाराष्ट्र ४ बाद ८२६. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३! ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम नाबाद ४५२. बरोबरीला फक्त ९ धावा हव्या होत्या. मग डाव थांबला कशाला? जेवणाच्या सुट्टीत काठियावाडच्या कप्तानांनी, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. रणजीतली सर्वोच्च खेळी मात्र अजून त्यांचीच. नुसत्या ४४३ या आकड्यातून यातलं काय कळतं?

परवा नोटीस बोर्डावर निकाल लागला. माझ्या रूममेटच्या नावापुढे सगळ्या विषयांत ‘गैरहजर’. पोरं हसली, ‘‘घाबरून पळाला रे!’’ मला माहीत होतं. पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री घरून फोन आला, वडिलांना ॲडमिट केलेलं. मिळेल त्या एस.टी.नं तो निघाला. ड्रॉइंगच्या शीट्स माझ्याकडे देऊन गेला.

मी हसलो नाही, पण बोललोही नाही. तेच मनाला लागून राहिलंय, म्हणून आज लिहितोय. शीट्स माझ्या कॉटखाली जपून ठेवल्यात. पुढच्या टर्मला तो येणार आहे.

मित्रांनो, नोंद दुरुस्त करून घ्या. तो नाबाद आहे.