पायांची विचारपूस

पवित्र गुरुवारच्या सायंकाळी बारा जणांचे पाय धुण्याचा विधी आपण दरवर्षी पाहतो. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी पवित्र सप्ताहाच्या उपासनेत सुधारणा केली, तेव्हा ह्या विधीला सायंकाळच्या मिस्सेत स्थान मिळाले. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तो स्त्रियांनाही खुला केला. विधी पाहताना आमचे मन भरून येई. परंतु ज्या पायांवर ते पाणी पडते, त्या पायांचा विचार आम्ही कधी केला होता असे म्हणवत नाही. तो विचार करावयास आम्हांला एका प्रसंगाने भाग पाडले.

आमचे थोरले बंधू हुबळीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले. बारा वर्षांचा मधुमेह. तरीही धारवाडी पेढ्यांचा पुडा घरात आला की त्यांचा हात आधी तिकडे जाई. त्या वर्षी बारा जणांत त्यांची निवड झाली होती. पाय स्वच्छ धुऊन, नवा सदरा घालून ते देवळात आले. धर्मगुरूंनी त्यांचा उजवा पाय हाती घेऊन पुसला, तो शुभ्र टॉवेलवर रक्ताचा डाग उमटला! चपलेतील एक चूक वर येऊन तळव्यात रुतत होती आणि तेथे चांगलीच जखम झाली होती. "दुखत तर काहीच नाही, फादर," बंधू म्हणाले. धर्मगुरू हळूच उत्तरले, "म्हणूनच उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा."

शल्यचिकित्सकांनी प्रथम नायलॉनच्या एका जाड तंतूचे टोक तळव्यावर ठिकठिकाणी टेकवले आणि डोळे मिटून "लागले की सांगा" असे सांगितले. बंधूंनी बहुतेक ठिकाणी काहीच सांगितले नाही. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात, रक्ताचा पुरवठाही मंदावतो. मग खडा रुतला, चटका बसला, तरी मनुष्यास कळत नाही. संत डेमियन यांचे चरित्र आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करीत असता १८८४ साली त्यांचा पाय कढत पाण्यात पडला आणि वेदना झाली नाही. त्यावरूनच आपणांस तो रोग जडल्याचे त्यांनी ओळखले. पुढे वेल्लोर येथे १९४६ पासून कार्य करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरोग्यांची बोटे झडतात ती मुख्यतः वेदना नसल्यामुळे होणाऱ्या दुर्लक्षित जखमांनी. मऊ रबराच्या तळाची पादत्राणे हा त्यांच्या उपचाराचाच भाग होता. वेदना ही देवाने दिलेली पहारेकरीण आहे, हे आम्हांस तेव्हा पटले.

बंधूंची मृत त्वचा काढण्यात आली, जखमेवर भार पडू नये म्हणून दोन महिने चालणे बंद झाले. करंगळीही काळी पडली होती. ती मात्र गमवावी लागली. त्या बोटावरील भोवरी त्यांनी आधी घरीच दाढीच्या पात्याने कापली होती, हे मागाहून कळले.

ह्या निमित्ताने डॉक्टरांकडून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो. भोवरी किंवा कुरूप हे घासणाऱ्या, घट्ट जोड्याचे फळ होय. जोडा बदलल्याविना ते जात नाही. बाजारातील औषधी पट्टीत आम्ल असते, म्हणून मधुमेहीने ती लावू नये. नखे आडवी सरळ कापावी. कोपरे खोल कोरले की नखुरडे होते. आरंभी कोमट पाण्यात पाय ठेवून आराम पडतो, पण पू झाल्यास डॉक्टर जागा बधिर करून नखाची रुतलेली कड काढतात आणि ती पुन्हा वाढू नये म्हणून मुळाशी फिनॉल लावतात. धारवाडची झड लागली, काळ्या मातीचा चिखल झाला की चिखल्या आल्याच. बोटांमधील ओल टिपून कोरडी करणे हे पहिले औषध, बुरशीनाशक मलम हे दुसरे, आणि खाज थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस ते लावणे हे तिसरे. पायाच्या अंगठ्याचे नख पूर्ण नवे येण्यास वर्ष ते दीड वर्ष लागते. तेव्हा नखाच्या बुरशीचा उपचार धीरानेच करावा. टाचेच्या भेगांना रात्री तेल वा व्हॅसलीन लावावे. मात्र बोटांच्या बेचक्यांत नव्हे. मधुमेहीने पाण्याचा कढतपणा पायाने न पाहता कोपराने पाहावा, अनवाणी फिरू नये, आणि पायात घालण्यापूर्वी जोडा झटकून आत हात फिरवावा.

परंतु वृद्ध मनुष्यास स्वतःचा तळवा दिसत नाही. तो दुसऱ्यानेच पाहावा लागतो. आमच्या घरी आता रात्रीची जपमाळ संपली की धाकटी पुतणी दिवा घेऊन बसते आणि वडिलांचे दोन्ही तळवे, नऊही बोटे निरखून पाहते. बंधू प्रथम संकोचाने पाय मागे घेत. पेत्राचाही असाच संकोच झाला होता, हे आम्ही त्यांना आठवून दिले. आता ते निमूटपणे पाय पुढे करतात.

वर्षातून एकदा देवळात होणारा हा विधी ज्या घरी रोज होईल, त्या घरच्या वृद्धांचे पाय सुरक्षित राहतील, अशी आमची श्रद्धा आहे.