माल पाहिल्याशिवाय मजकूर नको

पदवीच्या वर्गात 'व्यावहारिक मराठी' शिकवताना जाहिरातलेखनावर एक प्रकरण असते. आकर्षक मथळा, सुटसुटीत वाक्ये, अनुप्रास, यमक, बेताची अतिशयोक्ती अशी गुणांची यादी फळ्यावर येते, विद्यार्थी ती उतरवून घेतात आणि परीक्षेत साबणाची किंवा छत्रीची जाहिरात लिहून मोकळे होतात. तो साबण कसा तयार होतो, ती छत्री कोण विकत घेतो आणि घेताना नेमके काय तपासून पाहतो, हे त्या उत्तरपत्रिकेत कुठेच नसते. प्रश्नपत्रिकेला त्याची गरज नसते. बाजाराला असते, आणि ती किती असते हे गेल्या वर्षी आम्हां दोघांना जवळून पाहता आले.

निमित्त एका माजी विद्यार्थ्याचे. सोनिवलीत आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे त्याने एका खोलीत व्यवसाय थाटला आहे. लहान उद्योजकांची संकेतस्थळे तयार करणे, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर त्यांच्या मालाची प्रसिद्धी करणे हे त्याचे काम. उल्हासनगरचा एक जीन्स तयार करणारा कारखानदार त्याच्याकडे आला. आजवरचे हे त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. मजकूर मराठीत हवा होता, कारण माल मराठवाड्यात आणि खानदेशात जातो. "सर, मॅडम, तुम्ही फक्त भाषा बघून द्या," असे म्हणून त्याने एक कागद पुढे केला. त्यावर लिहिले होते : उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर, तरुणाईची पहिली पसंती, पर्यावरणस्नेही उत्पादन. यातला 'जीन्स' हा शब्द काढून 'लोणची' घातला असता तरी फारसे काही बिघडले नसते. आम्ही म्हणालो, भाषा नंतर पाहू. आधी कारखाना पाहू.

या आग्रहाला मराठीत जुना आणि भक्कम आधार आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला तेव्हा तो घ्यायला कुणी पुढे येईना. नांगरात खोट नव्हती. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षे लागली. लक्ष्मणरावांनी त्या काळात नांगराच्या मजबुतीचे कितीही गोडवे गायले असते तरी उपयोग झाला नसता, कारण शेतकऱ्याची शंका मजबुतीबद्दल नव्हतीच. ती कशाबद्दल आहे हे बांधावर उभे राहिल्यावाचून कळणारे नव्हते. पुढे १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेले ते पत्र. त्यातून पुढे 'किर्लोस्कर' हे मराठीतले एक मोठे मासिक उभे राहिले, हे आपण वाङ्मयेतिहासात शिकवतो. त्या मासिकाचा उगम ओतशाळेच्या आवारात झाला, ही गोष्ट मात्र आपण घाईने ओलांडून जातो. शंकरराव चित्रकार होते आणि लेखणीही चालवीत. पण त्यांच्या लेखणीच्या शेजारी भट्टी पेटलेली होती.

असो. तीन शनिवार आम्ही बदलापूरहून गाडी धरून उल्हासनगरला गेलो. पहिल्या शनिवारी आम्ही काहीच लिहून घेतले नाही, नुसते पाहिले. लांबच लांब टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरलेले, वर आराखड्याचा कागद, आणि वीजकटर हातात घेतलेले कटिंग मास्टर. त्यांना सगळे 'मास्टरजी' म्हणतात. बोट न उचलता त्यांनी आम्हांला जो धडा दिला तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडला नसता. डेनिममध्ये उभा धागा, म्हणजे ताणा, नीळ दिलेला असतो आणि आडवा बाणा पांढरा. म्हणून कापड बाहेरून निळे आणि आतून फिके दिसते. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, वरच्यावर बसते. म्हणूनच घासले की आतला पांढरा रंग डोकावतो. जीन्सचे 'विटलेपण' हा दोष नाही, त्या कापडाचा स्वभाव आहे, आणि हा सगळा व्यवसाय त्या स्वभावावर उभा आहे. कापडाचे वजन औंसांत मोजतात. धुतल्यावर ते आकसते, आणि किती आकसेल याचा अंदाज धरूनच कात्री चालवावी लागते. तो अंदाज चुकला तर बत्तीसची कंबर तिशीवर येते आणि सगळा लॉट परत येतो.

शिवणयंत्रांच्या रांगेपलीकडे, मागच्या गल्लीत, उंबऱ्यावर बसून बायका तयार पँटींचे सुटे धागे कापीत होत्या. नगामागे पैसे मिळतात. 'सफाईदार शिलाई' असे आपण ज्याला म्हणतो ती सफाई या हातांची असते.

अभ्यासाची सवय असलेल्या माणसाला अशा वेळी एक मोह होतो, रंजक माहितीचा. इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेला. तिथे मिळणाऱ्या जाड्याभरड्या कापडाचे ते नाव. तांब्याच्या रिव्हेटांनी खिसे पक्के करण्याचे पेटंट लीव्हाय स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना १८७३ साली मिळाले. हे ऐकून कारखानदार साहजिकच खूश झाले. "हे सगळ्यात वर टाका, प्रोफेसरसाब," म्हणाले. आम्ही त्यांना विचारले, तुमचा माल घेतो कोण? अंगात घालणारा तरुण, की दुकानदार? उत्तर उघड होते. माल घेतो दुकानदार, तोही एकेक नग नव्हे, मापांच्या संचाने. मग दुकानदार तुम्हांला काय काय विचारतो? दुसऱ्या शनिवारी आम्ही दिवसभर त्यांच्या टेबलाशेजारी बसून येणारे फोन ऐकले. सेटमध्ये किती नग? मोठी मापे जास्त देता येतील का? रंग जातो का? न खपलेला माल बदलून मिळेल का? ट्रान्सपोर्टला किती दिवस? आणि पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न : हाच माल दिवाळीनंतर रिपीट होईल का? 'तरुणाईची पहिली पसंती' हे शब्द दिवसभरात एकाही दुकानदाराच्या तोंडून आले नाहीत.

आणखी एक प्रश्न होता, जो कुणी उघड विचारीत नव्हते. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा मिळाली आणि १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. रिकाम्या हातांनी आलेल्या त्या माणसांनी बराकींतून उद्योग उभे केले. पण 'मेड इन यूएसए'तले यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोदही सगळ्या महाराष्ट्राने पिढ्यानपिढ्या केला. तो विनोद दुकानदाराच्या मनात अजून आहे. त्याला दर्जाची विशेषणे नको असतात; त्याला खूण हवी असते की हा माणूस उद्याही याच पत्त्यावर सापडेल. म्हणून आम्ही मजकुरात पत्ता, जीएसटी क्रमांक, कारखान्याचे आणि मास्टरजींच्या टेबलाचे छायाचित्र, मापांचा तक्ता, आकसण्याबद्दल दोन ओळी आणि माल बदलून देण्याचे नियम एवढेच घेतले. डोंगरी आणि लीव्हाय स्ट्रॉस आमच्या वहीतच राहिले.

इथवर सारे सुखाचे होते. प्रश्न उरला तो त्या चौथ्या शब्दाचा : पर्यावरणस्नेही.

अमेरिकन जाहिरातकार क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात एक हकिकत सांगितली आहे. श्लिट्झ नावाच्या बिअरची जाहिरात त्यांच्याकडे आली. तेव्हा सगळेच मद्यवाले 'शुद्ध' हा शब्द मोठमोठ्या अक्षरांत छापीत. हॉपकिन्स कारखान्यात गेले. गाळून घेतलेली हवा, पुन्हा पुन्हा धुतल्या जाणाऱ्या बाटल्या, खोल विहिरींचे पाणी हे सारे त्यांनी पाहिले आणि विचारले, हे तुम्ही लोकांना का सांगत नाही? उत्तर आले, यात नवे ते काय, सगळेच असे करतात. हॉपकिन्सनी तेच सांगितले आणि माल वारेमाप खपला. जाहिरातीच्या वर्गांत ही गोष्ट कौतुकाने सांगतात. तिचे तात्पर्य असे की कारखान्यात जा, सांगण्यासारखे काहीतरी सापडेल. पण कारखान्यात गेलेल्या माणसाला न सांगण्यासारखेही काहीतरी सापडते. त्याचे काय करायचे, यावर ती गोष्ट गप्प आहे.

जीन्स शिवून झाली की ती धुलाईला जाते. नव्या पँटीला जुनेपणाची कळा तिथे येते : प्युमिस दगडांबरोबर घुसळून, एन्झाइमने धागा थोडा खाऊन, पोटॅशियम परमँगनेट फवारून मांड्यांवर फिकट डाग पाडून. वाळूच्या झोताने कापड घासण्याची पद्धतही जगभर होती. ती वाळू कामगारांच्या फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस होतो हे दिसून आल्यावर तुर्कस्तानने २००९ साली तिच्यावर बंदी घातली. या सगळ्याला पाणी लागते, आणि ते पाणी नीळ, रसायने आणि दगडाचा गाळ घेऊन बाहेर पडते. उल्हासनगरात ते कुठे जात असे हे आगगाडीच्या खिडकीत बसणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. काकोळ्याच्या डोंगरात उगम पावणारी, अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वाहणारी वालधुनी नदी उल्हासनगरात पोचेपर्यंत नदी उरत नसे. २०१४ च्या नोव्हेंबरात तिच्यात सोडलेल्या रसायनांच्या वायूमुळे शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. 'वनशक्ती' या संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल मोठ्या दंडाचा आदेश दिला, आणि २०१८ च्या सुमारास जीन्स धुणाऱ्या युनिटांवर बंदीची कारवाई झाली. काही युनिटे आसपासच्या गावांकडे सरकली.

सोनिवलीत बसून याकडे तटस्थपणे पाहता येते. आमच्याकडची नदी उल्हास. वालधुनी तिला खाली, कल्याणच्या बाजूला मिळते. दुसऱ्याच्या नदीबद्दल विशेषण लिहिणे नेहमीच सोपे असते.

तिसऱ्या शनिवारी आम्ही कारखानदारांना विचारले, तुमची धुलाई कुठे होते? "बाहेर," ते म्हणाले. बाहेर म्हणजे कुठे? ते थोडे थांबले. मग म्हणाले, "प्रोफेसरसाब, सगळेच लिहितात हो. हिरवे पान छापले की दुकानदाराला बरे वाटते." ते लबाड गृहस्थ नव्हेत. ज्या बायका धागे कापतात त्यांचे पैसे दर आठवड्याला चुकते होतात, हे आम्ही पाहिले होते. आम्ही एवढेच म्हटले की धुलाई युनिटचे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र आणून दाखवा. त्यात सांडपाण्यावर प्रक्रिया होत असल्याचे असेल तर तसे नेमक्या शब्दांत लिहू. शिवाय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक खोट्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. पुराव्यावाचून असे मोघम शब्द वापरता येत नाहीत, हेही सांगितले.

घरी परतताना आमचा विद्यार्थी अस्वस्थ होता. "मॅडम, एका शब्दापायी काम गेले तर?" त्याच्या खोलीचे भाडे त्या कामावर होते. आम्ही म्हटले, काम जाऊ शकते. त्याला खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता. मात्र उद्या एखाद्या दुकानदाराने 'बाहेर म्हणजे कुठे' हा आमचाच प्रश्न विचारला, तर उत्तर द्यायला तो शब्द येणार नाही, कारखानदारही कदाचित येणार नाहीत. फोन त्याचाच वाजेल.

संमतीपत्र आले नाही. काम मात्र गेले नाही. आठवड्याभराने निरोप आला : तो शब्द काढा, बाकी सारे तसेच ठेवा, मापांचा तक्ता आणखी मोठा करा. हिरवे पान छापलेले टॅग मात्र संपेपर्यंत वापरणार, असेही त्यांनी कळवले. आमचा अधिकार मजकुरापुरता होता. टॅग त्यांचे होते.

गिऱ्हाइकाचा व्यवसाय समजून घ्यावा, असे प्रसिद्धीच्या क्षेत्रातले सगळेच सांगतात. विक्रीला उपयोगी पडेल म्हणून सांगतात, आणि ते खरेही आहे. मापांच्या तक्त्याने जे साधले ते कुठल्याही यमकाने साधले नसते. पण समजून घेणे ही अर्ध्यावर थांबवता येणारी क्रिया नाही. कापड कसे विणतात हे विचारणाऱ्याला ते कुठे धुतात हेही कधीतरी विचारावे लागते, आणि उत्तर कळल्यानंतर काही शब्द हातचे जातात. उरतात ते थोडे, कोरडे आणि पत्त्यासकट असतात. दुकानदाराला तेच हवे होते.

यंदा जाहिरातलेखनाच्या प्रकरणाआधी आम्ही वर्गाला एक काम दिले आहे. जवळची एखादी गिरणी, बेकरी किंवा कारखाना निवडायचा, तिथे एक दिवस बसायचे आणि गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्न फक्त उतरवून आणायचे. मथळ्यांचा तास त्यानंतर.