पारंबीचा फोटो

रविवार, सकाळ. कथा पुन्हा अडलीय. बाप-लेक एका खोलीत आणले की दोघंही भाषणं ठोकायला लागतात. वसंत कानेटकरांनी १९६२ साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये शिवाजी-संभाजींना समोरासमोर उभं केलं, तो आवाका आपला नाही. माझ्याकडे सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या आणि गार होत चाललेला चहा, एवढंच भांडवल.

मग मोबाइलमध्ये जुना फोटो सापडला. रस्त्याकडेचा वड. रहदारीला आड येतात म्हणून पारंब्या डोक्याच्या वर छाटलेल्या. एका तुटक्या टोकातून मात्र फिकट पिवळसर तंतू फुटलेत, शेवयांएवढे. पारंबी मातीला टेकली की जाड होते, खोड बनते, ज्या फांदीतून उतरली तिलाच तोलून धरते. इथे खाली पेव्हर ब्लॉक.

आधी मुलाच्या तोंडी घातलं, ‘बाबा, ही पारंबी म्हणजे मी.’ छे! नाटकी. लगेच खोडलं.

आता कथेत फोटो नुसता भिंतीवर आहे, मुलाने काढलेला. शेजारच्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा टिपताना बाबा फोटोकडे बघतात आणि म्हणतात, “वाकडा लावलाय.”