पावडरची परीक्षा

गुळगुळीत उतारावर सुसाट सुटता आलं की आपल्याला स्कीइंग येतं, असं वाटायला लागतं. मग गुलमर्गचा अफरवात भेटतो आणि सगळी हवा काढून घेतो!

"मॅडम, दूसरी स्की किधर है?"

प्रश्न साधाच होता. पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कमरेपर्यंत बर्फात होते. गॉगलमध्ये बर्फ, कॉलरमध्ये बर्फ, तोंडातही बर्फ. उजव्या पायात स्की होती. डाव्या पायात नुसताच बूट. उठायला म्हणून हातातली काठी टेकवली, तर ती मुठीपर्यंत आत गेली आणि तिच्यामागून मी. पुन्हा आडवी.

आमचा इन्स्ट्रक्टर शांतपणे वर चढून आला. मी पडले होते त्याच्या वरच्या बाजूला त्याने काठीने बर्फ खोचायला सुरुवात केली. निसटलेली स्की लोक नेहमी खालच्या बाजूला शोधतात म्हणे, आणि ती असते वर, जिथे ती पायातून सुटली तिथेच. पंधरा-वीस मिनिटांनी 'टक्' असा आवाज आला. सापडली! तेवढ्या वेळात दहा-बारा वर्षांची दोन काश्मिरी पोरं माझ्या शेजारून अशी तरंगत गेली, की मला आपली सगळी सर्टिफिकेट्स आठवून लाज वाटली.

विंचरलेला बर्फ

थोडं फ्लॅशबॅक. माझं स्कीइंग सुरू झालं उत्तराखंडमधल्या औलीत. जानेवारी २०११ मध्ये साउथ एशियन विंटर गेम्सच्या शर्यती झाल्या होत्या, तेच औली. तिथे उतार मशिनने दाबून, सपाट करून ठेवतात. सकाळी सकाळी त्यावर बारीक समांतर रेघा दिसतात, तेल लावून कंगव्याने विंचरलेल्या केसांसारख्या. यालाच म्हणायचं 'ग्रूम्ड रन'.

या बर्फावर स्कीइंग म्हणजे नव्या कोऱ्या एक्स्प्रेस-वेवर गाडी चालवण्यासारखं. खाली जमीन आहे, ती कुठे आहे ते माहीत आहे आणि ती हलणार नाही. वळायचं असेल तर बाहेरच्या पायावर भरवसा ठेवायचा. डावीकडे वळताना उजवा पाय, उजवीकडे वळताना डावा. सगळं वजन तिकडे. स्कीची धार बर्फात रुतते आणि स्की स्वतःच्या आकारामुळे आपोआप कमान घेते. भीती वाटली तर दोन्ही धारा रुतवून आडवं व्हायचं. खर्रर्र... थांबलो. सोप्पं!

दोन सीझनमध्ये मला हे बऱ्यापैकी जमलं. वेग आवडायला लागला. फ्रीलान्सिंगमध्ये चेक कधी येईल ते सांगता येत नाही, पण इथे धार लावली की वळण येणार म्हणजे येणारच! हा हिशेब मला फार भावला. आणि मग ऑफिस सोडण्याआधीच्या ग्रुपमधल्या मैत्रिणीचा फोन आला, "अगं, आम्ही दोघं गुलमर्गला चाललोय. येतेस?"

इथे नियम उलटे

२०२५ चा तो हिवाळा काश्मीरमध्ये कोरडाच चालला होता. इतका, की फेब्रुवारीत ठरलेले खेलो इंडिया विंटर गेम्स बर्फाअभावी पुढे ढकलावे लागले. शेवटी ते ९ ते १२ मार्चला झाले. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसांत मात्र आकाश फाटलं आणि धो धो बर्फ पडला. आम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोहोचलो. टंगमर्गहून वर जाणाऱ्या जीपच्या चाकांना साखळ्या होत्या आणि ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर हसू. "शीन आ गया," तो म्हणाला. शीन म्हणजे बर्फ. इथल्या लोकांसाठी बर्फ म्हणजे पगार. घोडेवाले, स्लेजवाले, हॉटेलवाले, गाइड सगळे त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसलेले असतात.

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. तिथून गंडोलाचा पहिला टप्पा कोंगडूरीला नेतो आणि दुसरा थेट अफरवातच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. या दुसऱ्या टप्प्यामुळे जगभरचे पावडरवेडे इथे यायला लागले. कारण वर कोणी मशिन फिरवत नाही. जसा पडला तसा बर्फ. पिठीसाखरेसारखा कोरडा, फुंकर मारली तर उडेल असा.

आणि या पिठीसाखरेत मला औलीत शिकलेली प्रत्येक गोष्ट नडली.

बाहेरच्या पायावर वजन टाकलं, तो पाय बुडाला. दुसरा तरंगत राहिला. दोन पाय दोन दिशांना, आणि मधे मी! धार रुतवायला गेले तर रुतवायला खाली काहीच नाही. घाबरून वेग कमी केला तर आणखी खोल गेले. मागे रेलले तर मांड्या पेटल्या आणि स्की वळेचनात. पहिल्या दिवशी किती वेळा पडले ते मोजायचं मी नवव्या वेळी सोडून दिलं.

"बर्फ से लड़ो मत, मॅडम," इन्स्ट्रक्टर म्हणाला. "दोनों पैर को एक समझो. और ब्रेक का सोचना बंद करो."

तेव्हा मला मामाच्या गावची विहीर आठवली. पोहायला शिकताना मी जितके हातपाय मारायचे तितकी बुडायचे. मामा वरून ओरडायचा, "अगं, पाण्याला धर नको, पाण्यावर पड!" पावडरचं अगदी तस्सं आहे. दोन्ही पाय जवळ. वजन दोघांवर सारखं. उताराच्या सरळ रेषेत तोंड करून थोडा वेग येऊ द्यायचा, कारण वेगामुळेच स्की वर येते. मग गुडघ्यांतून हलकं दाबायचं, बर्फ खालून उलट ढकलतो, आणि त्या ढकलण्याच्या क्षणी, पाय हलके झालेले असताना, वळायचं. दाब, उसळी, वळण. दाब, उसळी, वळण. झटका दिला की संपलं.

सामानही वेगळं लागतं. ग्रूम्ड रनच्या स्की मधोमध सात-आठ सेंटिमीटर रुंद असतात, तर पावडरच्या दहा किंवा त्याहून जास्त, पुढची टोकं वर उचललेली. माझ्या अरुंद स्की दुसऱ्या दिवशी भाड्याच्या दुकानात परत गेल्या. आणि पडल्यावर उठायची युक्ती? दोन्ही काठ्या एकमेकींवर आडव्या ठेवून फुली करायची, तिच्या मध्यावर हात टेकायचा आणि उठायचं. चाळीस सेकंदांचं काम. हे कुणी आधी सांगितलं असतं तर!

दुसऱ्या दिवशी दुपारी मला सलग तीन वळणं जमली. फक्त तीन. आवाज नाही, धक्का नाही, पायाखाली काही आहे असंही वाटत नाही. औलीतल्या सगळ्या सुसाट रन्स मी त्या तीन वळणांवरून ओवाळून टाकल्या.

पंधरा मिनिटं

त्याच संध्याकाळी इन्स्ट्रक्टरने आम्हाला हॉटेलच्या मागे बोलावलं. कहवा पिऊन रजईत शिरायचा मूड होता, त्यामुळे आम्ही कुरकुरतच गेलो. त्याने एक सॅक बर्फात पुरून ठेवली होती. सॅकमध्ये बीकन, म्हणजे सिग्नल पाठवणारं छोटं यंत्र. असंच एक यंत्र आम्ही दिवसभर जॅकेटच्या आत बांधून फिरत होतो. खरं सांगते, दोन दिवस मी त्याकडे विमानातल्या लाइफ जॅकेटसारखं बघत होते. असतं, म्हणून असतं.

"समझो आपका दोस्त अंदर है," तो म्हणाला आणि घड्याळ लावलं.

बीकन शोधायच्या मोडवर टाकायचा. बाण दिसतो, आकडा दिसतो. आकडा कमी होत जाईल तिकडे जायचं, जवळ आलं की यंत्र बर्फाला टेकवून सावकाश आडवं-उभं फिरवायचं, मग लांब सळई खोचत जायचं, आणि सळई मऊ काहीतरी लागून थांबली की फावडं. ऐकायला सोपं. मी घाईत आकडा वाढतोय त्याच दिशेने गेले. हातमोज्यात सळई जोडता येईना. सात मिनिटांनी सळई लागली. मग खोदकाम. बर्फ वरून पिठीसाखर असला तरी फावड्याखाली ओल्या वाळूसारखा जड होतो. सॅक हातात आली तेव्हा मला धाप लागली होती.

त्याने घड्याळ दाखवलं. पंधरा मिनिटं.

हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर तो वाचायची शक्यता चांगली असते. त्यानंतर ती झपाट्याने घसरते. आणि त्या वेळेत बाहेरून कुणी पोहोचत नाही. शोधणारे असतात ते सोबतचेच. म्हणजे मी.

हे काही पुस्तकी नाही. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवातवर दोन पोलिश स्कीअर्स हिमस्खलनात गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन स्कीअर गेला. बर्फ थराथरांनी बसतो. कोरड्या, थंड दिवसांत जुन्या बर्फाचे साखरेसारखे सुटे दाणे होतात, एकमेकांना न धरणारे. त्यावर एकदम भरपूर नवा बर्फ पडला की सरकत्या दाण्यांवर जड लादी ठेवल्यासारखं होतं. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर एका स्कीअरचं वजनही पुरतं. आणि पावडर खेळायला मजा येते ती नेमकी अशाच उतारांवर! कोरडा हिवाळा आणि मग एकदम बर्फ... आम्ही नेमके त्याच आठवड्यात तिथे होतो.

दोरीच्या पलीकडे

तिसरा दिवस आमचा शेवटचा. अफरवातवर गंडोलाच्या बाजूचा मुख्य उतार स्की पेट्रोलची माणसं तपासतात आणि मग उघडतात. त्या सकाळी तो उघडला, पण त्याच्या पलीकडचा, अजून कुणी फारसा न तुडवलेला, पांढराशुभ्र उतार बंद होता. मधे दोरी. दोरीपलीकडे दोघा-तिघांच्या वळणांच्या सुंदर रेघा.

मैत्रिणीच्या नवऱ्याचे डोळे चमकले. "अरे, लोक गेलेत की! एकच रन. परत कधी येणार आपण?"

इन्स्ट्रक्टरने मान हलवली. "निशान का मतलब सिर्फ इतना है, कि वो निकल गया."

"तो तर असंच म्हणणार. तू बोल," नवरा माझ्याकडे वळला. मैत्रीण गप्प. दोघांनाही माहीत होतं, मी 'चल' म्हटलं असतं तर ते निघाले असते. आणि मला जायचं होतं. फार जायचं होतं. कालची तीन वळणं पायांत अजून वाजत होती, आणि या ट्रिपसाठी मी दोन महिन्यांचं मानधन उडवलं होतं.

"मी नाही येणार," मी म्हटलं. "तुला काही झालं तर शोधायचं मला आहे. काल मला पंधरा मिनिटं लागली."

तो चिडला. तिकीट, सुट्टी, हवामान, सगळं निघालं. शेवटी आम्ही चौघंही उघड्या उतारावरून खाली आलो. तो सगळ्यांत पुढे, एक शब्द न बोलता. त्या बर्फात आधीच्या लोकांच्या खुणा होत्या, कुठे कुठे गुठळ्या होत्या. तरी मधल्या एका पट्ट्यात मला सलग सहा वळणं जमली. कुणी बघितली नाहीत.

त्या बंद उतारावर त्या दिवशी काहीही झालं नाही. परतीच्या विमानात नवऱ्याने ते मला ऐकवलंच, "बघ, काही झालं नाही ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. फक्त एवढं ठरवलंय, की पुढच्या सीझनला आधी ते पंधरा कमी करायचे. मग वळणं वाढवायची.

जायचंय?

कसं जाल: श्रीनगरपर्यंत विमान, तिथून रस्त्याने सुमारे ५० किलोमीटर. टंगमर्गनंतरच्या १३ किलोमीटरच्या घाटात बर्फात साखळ्या लावलेली गाडी लागते.

कधी: जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. पण बर्फाचा भरवसा नाही, दोन दिवस हातात जास्तीचे ठेवा. जोराचा वारा असला की दुसरा टप्पा बंद राहतो.

नवखे असाल तर: सुरुवात खालच्या सौम्य उतारांवरच करा. थेट पावडरच्या नादी लागू नका. ग्रूम्ड रनवर दोन्ही बाजूंना वळता आणि थांबता यायला लागलं की मगच वर.

पावडरसाठी: रुंद स्की, बीकन, सळई, फावडं आणि इथला डोंगर ओळखणारा गाइड. यंत्र वापरायचा सराव आदल्या दिवशी करा, घड्याळ लावून. दोरी बंद असेल तर बंद.

आणखी एक: गंडोलाचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर घरचे काळजी करणारच, तेव्हा निघण्याआधी प्रवासाच्या ताज्या सरकारी सूचना वाचून घ्या. आणि हो, आईला 'बर्फ बघायला चाललेय' एवढंच सांगा!