आर-४११८

हरिकेन हे विमान देखणे कधीच नव्हते. पाठीला किंचित कुबड, पंख जाड, अंगलट बोजड. शेजारी स्पिटफायर उभे असले की लोकांच्या माना तिकडेच वळायच्या, आणि युद्धानंतरचे सिनेमे अन् कौतुक हेही बहुतेक स्पिटफायरच्याच पदरात पडले. पण १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात जी लढाई झाली, तिच्यात जर्मन विमाने सर्वांत जास्त पाडली ती हरिकेननी. सिडनी कॅम यांनी आखलेले हे विमान नोव्हेंबर १९३५ मध्ये पहिल्यांदा उडाले. पुढे अशी चौदा हजारांहून जास्त विमाने बनली. त्यांतलेच एक आर-४११८.

ब्रॉकवर्थच्या ग्लॉस्टर कारखान्यातून ते बाहेर पडले आणि १७ ऑगस्ट १९४० ला स्कॉटलंडमधल्या ड्रेम तळावर ६०५ स्क्वाड्रनकडे आले. अंगावर ‘यूपी-डब्ल्यू’ ही अक्षरे चढली. सप्टेंबरात स्क्वाड्रन लंडनच्या तोंडाशी, क्रॉयडनला हलली आणि मग उसंत म्हणून उरली नाही. आर-४११८ तिथून ४९ वेळा लढाईवर गेले आणि शत्रूची पाच विमाने पाडल्याची नोंद त्याच्या नावावर झाली. ते चालवणाऱ्यांत बॉब फॉस्टर होता. वय वर्षे वीस. आपल्याकडे या वयाची मुले पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतात.

या विमानाचे अंग कसे होते ते नीट पाहायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. सांगाडा पोलादी नळ्यांचा. नळ्यांची टोके चौकोनी दाबून, पट्ट्या लावून, बोल्टने एकमेकांना जखडलेली. त्यावर लाकडी कमानी आणि लांबट पट्ट्या, आणि त्यांच्यावर लिननचे कापड ताणून बसवलेले. कापडावर डोप नावाचा द्राव चढवला की ते वाळताना आक्रसते आणि ढोलाच्या पानासारखे घट्ट होते. पुढचा भाग आणि पंख धातूच्या पत्र्याचे, पण पाठीचा आणि शेपटीकडचा भाग असा कापडाचा. शत्रूची गोळी या कापडातून शिरून पलीकडे निघून जायची. तळावरचे कारागीर ठिगळ चिकटवायचे आणि विमान पुन्हा हवेत. स्पिटफायरच्या पत्र्याला हे सुख नव्हते.

याच अंगाची एक भयंकर बाजूही होती. इंधनाची एक टाकी वैमानिकाच्या अगदी पुढ्यात होती. ती पेटली की ज्वाळा थेट कॉकपिटमध्ये शिरत आणि काही क्षणांत हात आणि चेहरा भाजून निघे. ईस्ट ग्रिन्स्टेडच्या रुग्णालयात डॉ. आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी ज्या होरपळलेल्या तरुणांना नवे चेहरे दिले, त्यांत हरिकेनचे वैमानिक बरेच होते. या विमानाबद्दल प्रेमाने लिहिताना हे गाळता येत नाही. त्या कॉकपिटमध्ये बसणाऱ्या प्रत्येक पोराला ती टाकी कुठे आहे हे माहीत होते, आणि तरीही तो बसत होता.

ऑक्टोबरात आर-४११८ लढाईत जखमी झाले. दुरुस्त होऊन परतले, तोवर ऐन लढाई सरली होती. पुढे दुसऱ्या स्क्वाड्रनकडे, मग शिकाऊ वैमानिकांकडे, असे ते हातोहाती फिरत राहिले. डिसेंबर १९४३ मध्ये त्याला जहाजावर चढवून भारतात धाडले, तेही प्रशिक्षणासाठीच. त्याच सुमारास हरिकेन घेऊन अर्जन सिंग यांची भारतीय हवाईदलाची १ नंबरची स्क्वाड्रन १९४४ मध्ये इंफाळला जपान्यांशी झुंजली. आर-४११८ च्या नशिबी मात्र ते नव्हते. १९४७ मध्ये ते यादीतून कमी झाले आणि बनारस हिंदू विद्यापीठाला देऊन टाकले. अभियांत्रिकीच्या मुलांना खरेखुरे विमान बघायला मिळावे, हा हेतू.

आता या प्राण्याचे दुसरे आयुष्य सुरू झाले. विमान उघड्यावर, डोक्यावर बनारसचे ऊन आणि वर्षावर्षाचा पाऊस. कापड टिकणे शक्यच नव्हते. पोलाद मात्र तग धरून राहिले.

१९८२ मध्ये पीटर व्हॅशर हे इंग्रज गृहस्थ जुन्या मोटारींच्या शोधात भारतात हिंडत होते. त्यांच्या नजरेला विद्यापीठाच्या आवारातले हे विमान पडले. चौदा वर्षांनी, १९९६ मध्ये, ते पुन्हा आले तेव्हाही विमान जागेवरच होते. मग क्रमांकाचा माग सुरू झाला. हवाईदलात प्रत्येक वैमानिक आपल्या लॉगबुकात उड्डाणापुढे विमानाचा क्रमांक लिहितो, आणि स्क्वाड्रनच्या रोजनिशीतही तो चढतो. त्यामुळे क्रमांक एकदा पक्का झाला की विमानाला तारीखवार चरित्र मिळते: कुठल्या सकाळी कोण बसले, काय पाडले, कुठे मार खाल्ला. क्रमांक नसता, तर ते एक जुने हरिकेन एवढेच राहिले असते. विद्यापीठाशी आणि सरकारी खात्यांशी काही वर्षे बोलणी चालली, आणि नव्या शतकाच्या तोंडावर आर-४११८ इंग्लंडला परत गेले.

ही हकीकत सांगताना अनेकजण ‘भारतातल्या अडगळीतून सोडवून आणले’ असा सूर लावतात. मला तो पटत नाही. युद्ध संपल्यावर खुद्द ब्रिटनने अशी हजारो विमाने वितळवली. आर-४११८ तिकडेच राहिले असते तर बहुधा त्याचीही भांडी झाली असती. बनारसने त्याची निगा राखली असे मी म्हणणार नाही. पण अर्धशतकाहून जास्त काळ त्याला भंगारवाल्याच्या हवाली केले नाही, हे खरे. लढाईत त्याचे दोन महिने गेले आणि भारतात पाच दशकांहून जास्त. ज्या देशाने ते सांभाळले त्याचे नाव त्याच्या चरित्रात मानाने यावे, एवढे मागणे रास्त आहे.

शिवाय हे एकटेच उदाहरण नाही. कानपूरला ब्रिटिशांनी जाताना अमेरिकन लिबरेटर बाँबर मोडतोड करून टाकून दिले होते, पुन्हा कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यांतली चाळीसच्या वर विमाने तिथेच उडण्याजोगी केली, बंगळूरला नेऊन पुरती दुरुस्त केली, आणि भारतीय हवाईदलाने ती १९६८ पर्यंत चालवली. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधले लिबरेटर भारतीय हवाईदलाने दिलेले आहे. जगात आज उरलेल्या मोजक्या लिबरेटरपैकी बरीचशी या कानपूरच्या ढिगातलीच.

आर-४११८ इंग्लंडला गेले हे मात्र योग्यच झाले. हरिकेनच्या नळ्या चौकोनी दाबण्याची यंत्रे आणि ते जुळणीचे कसब फार थोड्यांकडे उरले आहे. हरिकेनच उभारणाऱ्या कारागिरांनी ते पूर्ण उलगडले. जिथे जुना भाग चालण्यासारखा होता तिथे तो ठेवला, जिथे पोलाद दगा देईल अशी शंका होती तिथे नवे घातले. कापड नवे, लाकूड नवे. मग ‘तेच’ विमान म्हणायचे का, असे विचारणारे असतात. उडायचे असेल तर माणसाचा जीव त्या सांध्यांवर असतो, आणि तिथे गंजाला भावना म्हणून जागा देता येत नाही. लढाईच्या काळातही त्याचे भाग बदलतच होते. चरित्र क्रमांकाला चिकटते, आणि तो क्रमांक तुटला नाही, एवढे मला पुरेसे वाटते.

डिसेंबर २००४ मध्ये ते पुन्हा उडाले. ऐंशी ओलांडलेले बॉब फॉस्टर त्याला पुन्हा भेटले. हे घडू शकले ते फॉस्टर हयात असतानाच काम पुरे झाले म्हणून. २०१४ मध्ये फॉस्टर गेले. पुढच्या वर्षी विमानाचे मालक बदलले.

इंग्लंडला जाणे सगळ्यांना जमणारे नाही. पण दिल्लीत पालमच्या हवाईदल संग्रहालयात एक हरिकेन आहे. गेलात तर पुढच्या पंख्यापाशी फार रेंगाळू नका. मागे, शेपटीच्या बाजूला जा. कापडाखालच्या लाकडी पट्ट्या बाहेर उमटलेल्या दिसतील, एकीपाठोपाठ एक, बारकुड्या पोराच्या फासळ्या दिसाव्यात तशा.