फाशीचा हिशेब

गाडीत फाशीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘असल्यांना फुकट पोसायचं कशाला?’ कळव्याहून सकाळी निघणाऱ्या गर्दीत हे मी कित्येकदा ऐकलं आहे. बोलणारी माणसं वाईट नसतात. कुणाच्या घरी शाळेत जाणारी मुलगी असते, कुणी नुकतीच बातमी वाचलेली असते, आणि पोटातला राग त्या वाक्यातून बाहेर पडतो. मग कुणीतरी मुंबई हल्ल्यातल्या कसाबच्या बिर्याणीची आठवण काढतोच. कसाबनं बिर्याणी कधी मागितलीच नव्हती. ती गोष्ट आपणच रचली होती, हे सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ साली जाहीरपणे सांगितलं. तरी ती आजही लोकांच्या तोंडी आहे, कारण फाशीच्या खर्चाचा आपला हिशेब कैद्याच्या ताटापाशी सुरू होतो आणि तिथंच संपतो.

मला हा हिशेब नीट मांडावासा वाटतो. ठाण्याला कोर्टनाक्यावर टायपिंग करण्यात माझं आयुष्य गेलं. प्रतिज्ञापत्रं, वकीलपत्रं, नकलेचे अर्ज, जामिनाचे कागद. कळव्याचा खाडीपूल ओलांडून ठाण्यात शिरलं की तुरुंगाची तटबंदी लागते, मूळचा किल्लाच तो, आणि तिथून कोर्ट हाकेच्या अंतरावर. त्यामुळे फाशीची शिक्षा मला पेपरातून जेवढी कळली तेवढीच टेबलावर आलेल्या कागदांतून कळली.

आधी पैशांचंच बघू. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात आर्थर अलार्कन हे न्यायाधीश आणि पॉला मिचेल या कायद्याच्या प्राध्यापक यांनी २०११ साली असा हिशेब केला. १९७८पासून त्या राज्यानं मृत्युदंडाच्या व्यवस्थेवर सुमारे चार अब्ज डॉलर खर्च केले होते. एवढ्या काळात प्रत्यक्ष मृत्युदंड दिला गेला तो १३ जणांना. जन्मठेपेचा कैदी मरेपर्यंत सांभाळणं त्याहून पुष्कळ स्वस्त पडलं असतं. खर्च दोराचा किंवा इंजेक्शनचा नसतो. माणसाचा जीव घ्यायचा तर चूक होता कामा नये, म्हणून जी तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, खर्च तिचा असतो.

आपल्याकडची वाट अशी. सेशन्स कोर्टानं फाशी सुनावली तरी हायकोर्टानं ती कायम केल्याशिवाय देता येत नाही. पुढे सुप्रीम कोर्टात अपील. मग फेरविचार याचिका. फाशीच्या खटल्यात तीही २०१४पासून खुल्या कोर्टात ऐकावी लागते. मग राज्यपालांकडे दयेचा अर्ज, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज, आणि तिथं फार उशीर झाला तर त्या उशिराची दाद मागायला पुन्हा हायकोर्ट. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींना २००१ साली फाशी सुनावली गेली, २००६ साली सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. त्यानंतर दयेच्या अर्जावर निर्णय होण्यात ७ वर्षं, १० महिने आणि १५ दिवस गेले. तोही मुख्यतः सरकारी दिरंगाईमुळे. १८ जानेवारी २०२२ला मुंबई हायकोर्टानं याच कारणावरून त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. पुण्यात २००७ साली कॉल सेंटरमधल्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून करणाऱ्या दोघांना २४ जून २०१९ ही फाशीची तारीखसुद्धा ठरली होती. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळून तोवर दोन वर्षं उलटली होती. हायकोर्टानं फाशीऐवजी ३५ वर्षांची कैद दिली, आणि सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४ मध्ये ती कायम ठेवली. गुन्ह्यापासून शेवटच्या शब्दापर्यंत १७ वर्षं. एवढी वर्षं दोन-दोन सरकारी वकील, कारकून, खंडपीठं, फायली. आणि मारल्या गेलेल्या मुलांचे, मुलींचे आईबाप प्रत्येक तारखेला पुन्हा त्याच दिवशी जाऊन उभे. हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात नाही.

एक बाई मला विसरता येत नाहीत. दिवा स्टेशनच्या बाजूला राहणाऱ्या. मुलाला सेशन्स कोर्टात फाशी झाली होती, प्रकरण हायकोर्टात होतं आणि तो येरवड्याच्या तुरुंगात. त्यांना अर्ज टाइप करून हवा होता: मुलाला ठाण्याच्या तुरुंगात आणा, पुण्याला मुलाखतीला जायचं म्हणजे रोज बुडतो आणि भाडंही परवडत नाही. मी म्हटलं, ‘मावशी, हा अर्ज मंजूर व्हायचा नाही.’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही लिवा तर.’ प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी निकालाची नक्कल काढली. इंग्रजीतली, जाडजूड, कोपरे मऊ पडलेली. ती त्यांना कुणी वाचून दाखवली नव्हती. ‘ह्यात त्याच्याबद्दल काय लिवलंय?’ त्यांनी विचारलं. मी शेवटची पानं उलटली. शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचं म्हणणं तीन-चार ओळींत होतं: वय कमी आहे, परिस्थिती गरिबीची आहे, घरी म्हातारी आई आहे, दया करावी. ती म्हातारी आई माझ्या टेबलासमोर उभी होती. मुलगा लहानपणी कुठं कामाला होता, शाळा कधी सुटली, डोक्याला काही इजा झाली होती का, हे तिला कुणीही विचारलं नव्हतं. साक्षीला बोलावणं तर दूरच.

मी अर्ज टाइप करून दिला. पैसे घेतले नाहीत. त्याचं पुढं काय झालं, मला कळलं नाही.

कायदा या तीन-चार ओळींवर समाधानी नाही. १९८० सालच्या बच्चनसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं ठरवून दिलं की फाशी दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणातच द्यायची, आणि गुन्ह्याइतकंच गुन्हेगाराकडेही बघायचं. तो सुधारण्याची शक्यता उरलेली नाही हे दिसलं पाहिजे. पण ते बघायचं कसं, माहिती आणायची कुणी, हे पुढची चाळीस वर्षं मोघमच राहिलं. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की आरोपीची मानसिक तपासणी, तुरुंगातलं वागणं, घरची हकीगत, हे सगळं खालच्या कोर्टातच समोर आलं पाहिजे. मावशींच्या मुलाचा निकाल त्याआधीचा.

हे एकट्यादुकट्याचं नशीब नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं देशभरातल्या फाशीच्या कैद्यांना तुरुंगात जाऊन भेटून २०१६ साली अहवाल काढला. चारांतले जवळपास तीन कैदी आर्थिकदृष्ट्या अगदी तळातले निघाले. मागास जाती, जमाती आणि धार्मिक अल्पसंख्याकांचं प्रमाणही तितकंच. खालच्या कोर्टांनी दिलेल्या फाशींपैकी शेवटपर्यंत टिकलेल्या शंभरात पाचही नव्हत्या, आणि तीसएक टक्के माणसं तर पुढं निर्दोष सुटली होती. जी शिक्षा परत फिरवता येत नाही, तिच्यात पहिल्या पायरीवर एवढ्या चुका होतात, ही गोष्ट मला झोपू देत नाही.

महाराष्ट्रातलं सर्वांत भयंकर उदाहरण नाशिकचं आहे, आणि ते प्रत्येकानं वाचावं असं मला वाटतं. ५ जून २००३च्या रात्री नाशिकजवळ पेरूच्या बागेत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांना मारलं, बलात्कार झाले. क्रौर्य असं की वाचताना हात थांबतो. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडलं. २००६ साली नाशिकच्या सेशन्स कोर्टानं सहाही जणांना फाशी सुनावली. हायकोर्टानं तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ला सुप्रीम कोर्टानं त्या तिघांनाही पुन्हा फाशीच्या रांगेत उभं केलं. ज्या जुन्या निकालाचा आधार घेतला होता तो कायद्याला धरून नव्हता, असं सुप्रीम कोर्टाच्याच दुसऱ्या खंडपीठानं त्याच वर्षी म्हटलं. २०१२ साली चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना लिहून अशा चुकीच्या फाशींकडे लक्ष वेधलं. त्याच वर्षी हेही सिद्ध झालं, की सहांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अठराच्या आतला होता. तोवर तो नऊ वर्षं आत होता, त्यांतली सहा फाशीच्या सावटाखाली.

५ मार्च २०१९ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण काय? त्या रात्रीतून वाचलेल्या स्त्रीनं घटनेनंतर दोन दिवसांतच पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून चार माणसं ओळखली होती. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर. त्या फोटोंत या सहांतलं कुणीही नव्हतं. ती ओळख दाबून ठेवली गेली. सोळा वर्षं दाबलेली राहिली, आणि तीन कोर्टांतून गेली. कोर्टानं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सरकारला सांगितलं आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. सोळा वर्षांना पाच लाख. आणि पेरूच्या बागेतल्या त्या कुटुंबाला या सोळा वर्षांत काय मिळालं? खरे मारेकरी तर नाहीतच.

‘लवकर फाशी द्या’ हे शब्द ऐकले की मला ठाण्याच्या तुरुंगातली एक तारीख आठवते. २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली. १९ एप्रिल १९१०ला कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. चार महिनेसुद्धा झाले नव्हते. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. परक्या सरकारला आपल्या न्यायाचा हिशेब कुणाला द्यायचा नव्हता, म्हणून त्याला ते जमलं. त्याच वेगानं काम केलं असतं, तर त्याच नाशिकचे ते सहा मजूर २००३ची दिवाळी येण्याआधी मेले असते, आणि अल्बममधली ती ओळख कुणालाही, कधीही कळली नसती. ज्या उशिराला आपण शिव्या घालतो, त्यानंच सहा जीव वाचवले. म्हणून मी या मताला आलो आहे, की फाशी स्वस्त, झटपट आणि बिनचूक अशी तिन्ही एकदम होऊ शकत नाही. उशीर काढला तर चूक पोटात राहते. चूक काढायची तर वर्षं जातात, आणि त्या वर्षांत मृताच्या घरचे आणि आरोपीच्या घरचे दोघंही पिचतात.

लोकलनं जाणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हे फार जवळून दिसलं आहे. ११ जुलै २००६ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले, १८०हून जास्त माणसं गेली. २०१५ साली पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली. २१ जुलै २०२५ला मुंबई हायकोर्टानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं, सरकारी पक्ष खटला सिद्ध करण्यात पूर्ण अपयशी ठरला असं म्हणून. फाशीच्या पाचांतला एक जण २०२१ सालीच करोनानं तुरुंगात वारला होता. सरकार लगेच सुप्रीम कोर्टात गेलं; हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं कोर्टानं सांगितलं, सुटलेल्यांना मात्र परत आत घातलं नाही. एकोणीस वर्षांनी मृतांच्या घरी पुन्हा तोच प्रश्न आला: मग बाँब ठेवले कुणी? कोपर्डीतल्या मुलीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात २०१७ साली तिघांना फाशी झाली; त्यांतल्या एकानं सप्टेंबर २०२३ मध्ये येरवड्यात आत्महत्या केली, तेव्हाही हायकोर्टाचा निकाल लागायचाच होता. फाशी हा शब्द ऐकून त्या घरांना वाटलं असेल, की आता संपलं. संपत काहीच नाही.

या कोंडीला कंटाळून आपण तिसरी वाट धरतो, आणि ती वाट माझ्या कळव्यात येऊन थांबली. २० ऑगस्ट २०२४ला बदलापूर स्टेशनात लोकांनी दिवसभर गाड्या अडवल्या, चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराच्या संतापानं. संताप खरा होता, आणि शाळेनं, पोलिसांनी तक्रार घ्यायला लावलेला उशीर संतापजनकच होता. २३ सप्टेंबरला संध्याकाळी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत आरोपीला गोळी लागली आणि त्याला कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणलं, तिथं तो मृत घोषित झाला. त्यानं पिस्तूल हिसकावलं असं पोलीस म्हणाले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालानं जानेवारी २०२५ मध्ये गाडीतल्या पाच पोलिसांना जबाबदार धरलं. पण गोळी लागली त्या रात्री बदलापुरात मिठाई वाटली गेली, आमच्या नाक्यावरही लोक खूश होते. वकील नाही, अपील नाही, पोसणं नाही. पण त्या मुलींच्या बाजूनं त्याच्याविरुद्ध कोर्टात जे शाबीत व्हायला हवं होतं, ते आता कधीच होणार नाही. नाशिकच्या सहांना कुणी अशाच गाडीत बसवलं असतं तर?

डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं बलात्काराला फाशीची तरतूद असलेलं शक्ती विधेयक मंजूर केलं. ते केंद्राच्या मंजुरीअभावी अमलात आलं नाही. फाशी वाढवायला जे सभागृह तयार होतं, त्यानं फाशी तपासायलाही तयार व्हावं. विधी आयोगानं २०१५च्या २६२व्या अहवालात दहशतवादाचे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे सोडून बाकी सगळीकडे फाशी रद्द करा असं सांगितलं. राज्यानं निदान आपल्यापुरता अभ्यास करावा: गेल्या तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या कोणत्या जिल्ह्यात किती फाशी सुनावल्या गेल्या, त्यांतल्या किती टिकल्या, आरोपींना वकील कुणी दिला आणि त्याला सरकारनं किती फी दिली, तपासातली कोणती ओळखपरेड दडपली गेली, मृतांच्या घरच्यांना किती वर्षं तारखांना यावं लागलं, आणि या सगळ्याला पैसे किती लागले. निवृत्त न्यायमूर्ती, तुरुंगाधिकारी, तपास अधिकारी आणि दोन्ही बाजूंच्या घरची माणसं, अशी समिती नेमावी आणि तिचा अहवाल मराठीत छापावा. तो येईपर्यंत येरवडा आणि नागपूर या दोन्ही तुरुंगांत एकही फाशी देऊ नये. तुमच्या मतदारसंघाच्या आमदाराला पत्र लिहा आणि पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न मांडायला सांगा.